गाळ कोण काढणार?

१४ ऑक्टोबर २०२५ हा दिवस भंडारा जिल्ह्यात कुणी लक्षात ठेवावा असे काही घडले नाही. दिवाळी आठवड्यावर आली होती, हलक्या धानाची कापणी सुरू होती. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला सुरक्षेच्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या देणे थांबवले. दुसऱ्या दिवशी सकाळी लाखनी, साकोली, पवनी, लाखांदूरकडची सेवा केंद्रे, झेरॉक्सची दुकाने, पतसंस्था आणि शाळांची कार्यालये रोजच्यासारखी उघडली. जुने संगणक रोजच्यासारखे सुरू झाले. काहीच बंद पडले नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट सविस्तर सांगायला हवी.

संगणकाची प्रणाली म्हणजे कोट्यवधी ओळींचा मजकूर. माणसांनी लिहिलेल्या एवढ्या मजकुरात चुका राहतातच आणि त्या दर महिन्याला सापडत असतात. कंपनी त्यांच्यावर ठिगळ पाठवते. त्याला आपण अपडेट म्हणतो आणि समोर गिऱ्हाईक उभे आहे म्हणून उद्यावर ढकलतो. ठिगळ येणे थांबले तरी यंत्र चालूच राहते. फक्त त्यापुढे सापडलेले प्रत्येक भोक कायमचे उघडे राहते. त्यात आणखी एक गोम आहे. विंडोज ११मधली चूक दुरुस्त झाली की ती दुरुस्ती निरखून चोराला मूळ चूक कुठे होती ते कळते, आणि तीच चूक जुन्या विंडोजमध्येही आहे का, हे तो तपासून पाहतो. एकाचे औषध दुसऱ्याच्या आजाराची खूण सांगते.

मग विंडोज ११ घ्यावी, असा कंपनीचा सल्ला. पण तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचा संगणक कितीही धडधाकट असला तरी कंपनीच्या यादीत बसत नाही. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६पर्यंत, दुरुस्त्या घेण्याची सोय कंपनीने ठेवली. ज्याच्या सेवा केंद्राची कमाई दाखल्यामागे मिळणाऱ्या थोड्या रुपयांवर चालते, त्याला तेवढ्या वेळात नवे यंत्र घेणे जड जाते.

तालुक्याच्या गावात संगणक दुरुस्तीला दिला की तो पुष्कळदा ‘फॉरमॅट मारून’ परत येतो आणि आतली विंडोज परवाना न घेतलेली असते. तिला जागे करण्यासाठी जो क्रॅक चालवतात, तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते. पहारेकऱ्याला सुट्टी देऊन अनोळखी माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या द्याव्यात तसे हे आहे. या विषयावर बोलताना आपण विंडोज विरुद्ध लिनक्स ही दुसरी प्रणाली अशी कुस्ती लावतो. आपल्या भागात तिसरा गडी आखाड्यात उभा आहे आणि वर्षानुवर्षे तोच जिंकत आला आहे: ही चोरलेली विंडोज. लिनक्स फुकट मिळते हे सांगून तिचा प्रसार होत नाही, कारण समोरच्याला विंडोजही फुकटच मिळालेली असते.

ठिगळ न लावल्याचे परिणाम महाराष्ट्राने पाहिलेले आहेत. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती दिली. एका कार्यालयातले संगणक एकमेकांच्या फाइली वापरतात, त्या वाटेवरचे ते भोक होते. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेला ते आधीपासून माहीत होते. त्यातून शिरण्यासाठी तिने तयार केलेले हत्यार चोरीला गेले आणि एप्रिलमध्ये जगजाहीर झाले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा त्याच भोकातून जगभर शिरला आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. दुरुस्ती येऊन दोन महिने झाले होते, तरी लाखो संगणकांनी ती घेतलेली नव्हती. पुढे २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्याचे मूळ लक्ष्य युक्रेन होते, पण त्याच भोकाचा आधार घेत तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात पसरला आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले तिच्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. ज्या देशाचे नावही कंटेनरच्या चालकांनी क्वचित घेतले असेल, तिथल्या भांडणापायी त्यांच्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या.

हे किडे विंडोजचे होते, म्हणून लिनक्स निर्धोक, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. दुसऱ्या बाजूला तितक्याच ठामपणे विचारणारे असतात: लिनक्ससारख्या ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कुणालाही वाचता येतो, ते सुरक्षित कसे असेल? चोराच्या हाती घराचा नकाशाच दिला की!

या दुसऱ्या शंकेला जुने उत्तर आहे. १८८३ साली ऑगुस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने लष्करी गुप्तलेखनाबद्दल एक तत्त्व मांडले: यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. बाजारातल्या चांगल्या कुलपाची रचना प्रत्येक कुलूपवाल्याला ठाऊक असते. तरीही आपण ते निर्धास्तपणे दाराला लावतो. रचना लपवल्यामुळेच जे टिकते, ते रचना फुटली की कोसळते. त्यात रचना लपवली म्हणून चोर थांबतो असेही नाही. वॉनाक्रायच्या वेळी विंडोजचा मजकूर बंदच होता. पण मजकूर उघडा आहे म्हणजे कुणीतरी तो वाचलाच आहे, ही समजूतही तितकीच भाबडी. इथे मला आपल्याच मातीतला दाखला द्यावासा वाटतो.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने आणि गावोगावच्या लोकांनी जमिनीचा उतार ओळखून इथे तळी आणि बोड्या बांधल्या. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा होईपर्यंत नवेगाव बांधही भंडाऱ्यातच होता. भाताचे पीक या तळ्यांवर उभे राहिले. पाळ राखणे, सांडवा बघणे, पाटाने पाणी वाटणे, गाळ काढणे ही गावाची कामे होती. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकांची पद्धत, गेली. ती जायलाच हवी होती. तळी सरकारकडे आली आणि त्यांचे नाव झाले माजी मालगुजारी तलाव, बोलीत मामा तलाव. पण मालकी बदलताना राखणीची घडी विस्कटली. पाणी सगळ्यांनाच हवे होते. गाळ काढणे कुणाचेच काम उरले नाही. कित्येक तळी उथळ झाली, काठावर बेशरमाची झुडपे माजली.

उघड्या मजकुराचे, म्हणजे मुक्त, सॉफ्टवेअर हे असेच गावतळे आहे. त्याचा इतिहास एका प्रिंटरपासून सांगतात. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. तो सारखा अडकायचा. कागद अडकला की सर्वांच्या पडद्यावर सूचना यावी, एवढी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. आधीच्या प्रिंटरमध्ये त्यांनी ती केलीही होती. नव्याचा मूळ मजकूर मात्र त्यांना मिळू शकला नाही. १९८३ साली त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. पुढे त्याच्या परवान्यात हक्क लिहून ठेवले: सॉफ्टवेअर वापरा, वाचा, बदला, वाटा, वाटताना मात्र घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या. १९९१मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी त्याला हा परवाना लावला.

पूर्व विदर्भातल्या माणसाला हे पटकन कळावे, कारण आपल्याकडे निस्तार हक्क आहेत. गावाच्या जंगलातून सरपण, चराईच्या जागेत गुरे, तळ्यावर पाणी यांची नोंद निस्तार पत्रकात असे. तो हक्क म्हणजे दान नव्हे आणि मालकीही नव्हे. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना हे संगणकाचे निस्तार पत्रक आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने मोकळे आणि फुकट अशा दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात आणि त्यामुळे तिकडे चाळीस वर्षे गोंधळ चालू आहे. मराठीत मुक्त वेगळे, मोफत वेगळे. आपली भाषा इथे एक पाऊल पुढेच उभी आहे.

गाळाचा प्रश्न मात्र तिकडेही तोच आहे. बँकेच्या संकेतस्थळाच्या पत्त्याआधी काही ब्राउझरांत जे छोटे कुलूप दिसते, ते जगातल्या कित्येक संकेतस्थळांवर ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. एप्रिल २०१४मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघड झाली. समोरचा संगणक आपल्या आठवणीतला मजकूर, प्रसंगी पासवर्डसुद्धा, विचारणाऱ्याला देऊन टाकत होता. ही चूक दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर पडून होती. त्या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणग्या मिळत आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. अब्जावधींचा व्यवहार करणाऱ्या कंपन्या तळ्याचे पाणी भरून नेत होत्या. पाळीवर पहारा करायला कुणी नव्हते.

त्याहून हादरवणारी गोष्ट २०२४ची. फाइली दाबून लहान करणारे एक्सझेड हे साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ते वर्षानुवर्षे एकच माणूस मोकळ्या वेळात सांभाळत होता आणि थकला होता. तसे त्याने उघड लिहिलेही होते. ‘जिया टॅन’ हे नाव घेऊन कुणीतरी मदतीला आले. दोन वर्षांहून अधिक काळ नेटके काम करून त्याने विश्वास मिळवला, सांभाळणाऱ्यांत जागा मिळवली आणि मग दोन आवृत्त्यांमध्ये एक चोरदार बसवले. ज्यांच्याकडे त्याची खास किल्ली होती, त्यांना लिनक्सच्या असंख्य सर्व्हरांमध्ये शिरता आले असते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर दुरून लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असे दिसले. अर्ध्या सेकंदाकडे कोण बघतो? त्यांनी बघितले, मजकूर उकलत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळ्यांना सावध केले. चोरदार असलेल्या आवृत्त्या तोवर फारशा पसरल्या नव्हत्या.

फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होते. २००१ साली त्याच कंपनीचा प्रमुख लिनक्सला कर्करोग म्हणाला होता, आणि दोन दशकांनी तिच्याच अभियंत्याने लिनक्सला वाचवले. एका कंपनीचा झेंडा खांद्यावर घेऊन दुसरीला शिव्या देणाऱ्यांनी ही घटना नीट वाचावी. फ्रॉइंड यांना मूळ मजकुरापर्यंत जाता आले, कारण तो उघडा होता. एकट्या थकलेल्या माणसाला जाळ्यात ओढता आले, कारण त्याच्या सोबतीला कुणी नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

बंद सॉफ्टवेअरमध्ये मजकूर वाचायला मिळत नाही, पण कुणीतरी पगारी माणूस जबाबदार असतो, हा त्याचा खरा गुण. आपल्याच पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकर यांनी आणि त्यांचे भाऊ संजय यांनी ‘क्विक हील’ उभे केले. ते मुक्त नाही, आणि त्याने हजारो मराठी संगणक सांभाळले. ज्याच्या हाती सगळ्या किल्ल्या असतात त्याचा हात थरथरला की काय होते, हेही पाहिलेले बरे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट पाठवले आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडली. चोर कुणीच नव्हता. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

इतके वाचून कुणी म्हणेल, लिनक्स आमच्याकडे आहे कुठे? ती जिल्ह्यातल्या बहुतेक खिशांत आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावर उभा राहून धानाची नोंद करतो, तेव्हा तो लिनक्स चालवत असतो. अँड्रॉइड आणि ॲपलचा आयफोन यांच्यातला वादही इथेच जमिनीवर येतो. ॲपलने आपल्याकडे वाड्याला एकच दरवाजा ठेवला; आत काय यायचे ते तीच ठरवते. अँड्रॉइडला बाजूचे दार आहे: वापरणाऱ्याने परवानगी दिली की कुठूनही आलेले ॲप बसते. त्या मोकळीकीमुळे नवे प्रयोग झाले. त्याच दारातून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, गाडीचा दंड किंवा किसान योजनेचा हप्ता अशा नावाने एपीके फाइल येते, बसताना संदेश वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी परस्पर पळवते. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, ॲप कधीच नसते. एवढे घरातल्या आजीला पटवले तरी पुष्कळ. आणि पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर पहिल्या तासात फोन करावा. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

अँड्रॉइडचा दुसरा दोष गाळाचाच आहे. गूगल नियमितपणे दुरुस्त्या काढते, पण त्या आपल्या फोनपर्यंत पोचवणे फोन बनवणाऱ्याच्या हाती असते, आणि पुष्कळ स्वस्त फोनांना दोन-तीन वर्षांनी कुणी वाली उरत नाही. उगमाशी तळे भरलेले, आणि आपल्या बांधीपर्यंत येणारा पाट बुजलेला.

केंद्र सरकारने मार्च २०१५मध्ये धोरणच केले की नव्या सरकारी प्रणालींमध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे आणि ते नाकारायचे असेल तर कारण नोंदवावे. आधारच्या अवाढव्य यंत्रणेत मुक्त साधनांचा भरपूर वापर आहे. बालभारतीच्या पुस्तकांतला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर उघडणारे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ‘सनबर्ड’ या मुक्त सॉफ्टवेअरवर उभे आहे. म्हणजे दिल्लीच्या सर्व्हरवर मुक्त आणि लाखांदूरच्या टेबलावर विंडोज, अशी आपली विभागणी झाली आहे. त्याचे एक कारण शिक्षणात आहे. २००१पासून एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत संगणक पोचवला. हे काम लहान नव्हे. पण तो शिकताना हात बसला विंडोज आणि ऑफिसवर, इतका की त्यातले ‘एमएस’ म्हणजे मायक्रोसॉफ्ट असे पुष्कळांना वाटते. ते आहे महाराष्ट्र स्टेट. केरळने शाळांमध्ये लिनक्स रुजवली, आणि तिथल्या मुलांचा हात तिच्यावर बसला.

सेवा केंद्रवाल्याची अडचण मात्र खरी आहे. बोटाचा ठसा घेणारे यंत्र, डिजिटल सहीची डोंगल, टॅली, जुने मराठी फाँट, यातले बरेच काही विंडोज गृहीत धरून बनलेले असते. त्याला उठून ‘लिनक्स टाका’ म्हणणे सोपे आहे. गिऱ्हाइकांची रांग त्याला आवरायची असते. त्याच्या एका यंत्रावर परवान्याची विंडोज हवी, आणि मी तेच सांगेन. पण शाळेच्या खोलीतले, ग्रंथालयातले, पत्र लिहिण्यापुरते आणि इंटरनेटपुरते वापरले जाणारे दहा वर्षांचे संगणक? त्यांच्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटूची हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येते, काहीही न पुसता. लिब्रेऑफिस मराठीत आहे, फायरफॉक्स मराठीत आहे. दुरुस्त्या येत राहतात. भंगारात जाणारे यंत्र आणखी काही वर्षे मुलांच्या हाताखाली राहते.

जुन्या फाँटांचा उल्लेख आला, तर बंद दाराचा मराठीला बसलेला सर्वांत मोठा फटकाही सांगायला हवा. युनिकोडच्या आधी, आणि आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षे, प्रत्येक कंपनीच्या फाँटची अक्षरमांडणी वेगळी असे. एका फाँटात लिहिलेली स्मरणिका दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. मजकूर आपला आणि किल्ली कंपनीची. कित्येक अंक, कित्येक कवितासंग्रह त्या फाइलींत अडकून पडले. पुण्यातून रेड हॅटच्या लोकांनी ‘लोहित’ हे मुक्त फाँट सांभाळले, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ दिले. मराठी वळणाचा ल आणि श, ‘वऱ्हाड’मधला ऱ्ह, हे नीट दिसावे म्हणून अशा फाँटांत कुणालाही हात घालता येतो, कंपनीला अर्ज करून वाट पाहावी लागत नाही.

आणि आमची झाडीबोली? साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य घालवून तिचे शब्द गोळा केले, कोश केला. तिच्यात ळ नाही. डोळ्याला इथे डोरा म्हणतात. प्रमाण मराठीची शब्दयादी वापरणारा शुद्धलेखन तपासनीस ‘डोरा’खाली तांबडी रेघ ओढणार. या बोलीसाठी वेगळा तपासनीस करावा, एवढा नफा कोणत्याही मोठ्या कंपनीला यातून होणार नाही.

हंगेरीच्या लोकांपुढे अशीच अडचण होती. प्रत्यय जोडत जाणारी त्यांची भाषा जुन्या तपासनीसांना पेलेना. लास्लो नेमेथ यांनी आधीच्या एका मुक्त साधनावर काम करून ‘हनस्पेल’ तयार केले. आज लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम तेच वापरतात; लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स मराठीसाठीसुद्धा. मामा तलावातला गाळ उपसून शेतकरी शेतात टाकतो, तेव्हा तळे खोल होते आणि वावरही सुपीक होते. सरकारच्या गाळमुक्त धरण योजनेमागेही हाच विचार आहे. नेमेथ यांनी स्वतःच्या भाषेसाठी उपसा केला आणि पाणी जगाला वाढले.

हनस्पेलच्या शब्दयादीची फाइल साध्या मजकुराची असते. पहिल्या ओळीत आकडा, खाली साधारण किती शब्द आहेत तो. दुसऱ्या ओळीपासून शब्द, ओळीला एक. ती लिहायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही. साकोलीच्या एखाद्या शाळेतला दहा वर्षांचा, विंडोज ११ने नाकारलेला संगणक आणि आजीकडून शब्द विचारून आणणारी चार पोरे एवढ्यावर ती सुरू होते. पहिला शब्द डोरा.